पिचरचा दंड नका बघू, मांड्या बघा

नमस्कार मंडळी! गोल्फ क्लब मैदानावर बॉलिंग टाकून झाली की आपली पोरं थेट जिममध्ये जातात आणि काय मारतात? चेस्ट आणि बायसेप्स. सोमवारी चेस्ट, गुरुवारी परत चेस्ट, आणि लेग डे आला की नेमके घरी पाहुणे येतात. तर आज बघू, बॉल फेकण्यावरच ज्यांचं पोट चालतं ते अमेरिकेतले बेसबॉल पिचर काय करतात ते.

आधी थोडे आकडे. बेसबॉल साधारण 142 ते 149 ग्रॅमचा, आपल्या लेदर बॉलपेक्षा थोडा हलकाच. आरोल्डिस चॅपमन या पिचरने 2010 मध्ये तो ताशी 105.8 मैलांनी टाकला, म्हणजे ताशी 170 किलोमीटर, आणि रनअप वगैरे काही नाही हां, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून एक पाय उचलला की झालं! शोएब अख्तरचा 161.3 वाला बॉल आठवतो ना, तो केवढ्या लांबून पळत यायचा. अर्थात क्रिकेटमध्ये कोपर 15 अंशांच्या वर सरळ करायला बंदी आहे, तिकडे तसं काही नाही, त्यामुळे कोण भारी यावरून भांडू नका.

मग एवढा जोर येतो कुठून? पायातून. मागच्या पायाने ढकलायचं, पुढचा पाय टेकला की कंबर आधी वळते, छाती अजून मागेच असते, तो पीळ सुटला की हात सगळ्यात शेवटी येतो. म्हणून त्यांच्या जिममध्ये डेडलिफ्ट, एका पायावरचे स्क्वॉट, बाजूला उड्या, आणि मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा मोठा जड बॉल, कंबर वळवून भिंतीवर आपटणं हे जास्त दिसतं. जड बेंच प्रेस बरेच पिचर टाळतात आणि पुशअप मारतात, कारण बेंचवर खांद्याचा फरा दाबला जातो, पुशअपमध्ये तो मोकळा फिरतो.

पण मला विचाराल तर खरा विषय ब्रेकचा आहे. बॉल टाकताना पिचरचा खांदा सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगाने आत वळतो असं मोजलंय. बॉल गेला, हात राहिला, आता तो थांबवणार कोण? खांद्याच्या मागचे छोटे छोटे स्नायू, ज्यांना आरशात कोणीच बघत नाही. त्यांच्यासाठी रबर बँड आणि किलो-दोन किलोचे डंबेल, बास. आणि कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट गेलं तर थेट ऑपरेशन. टॉमी जॉन नावाच्या पिचरवर 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी ते पहिल्यांदा केलं, आणि हा बाबा त्यानंतर अजून 164 मॅच जिंकला! म्हणून त्या ऑपरेशनला नावच टॉमी जॉन पडलं.

एके काळी तिकडच्या कोचना वजनं उचलायचीच भीती होती, अंग आखडेल म्हणायचे. नोलन रायन या पिचरने ह्यूस्टनच्या टीममध्ये असताना जीन कोलमन या ट्रेनरबरोबर मनापासून वेट ट्रेनिंग केलं आणि 1993 पर्यंत, वयाच्या 46 पर्यंत खेळला. आणि आपल्या तालमीतले मुद्गल? एकोणिसाव्या शतकात ते इंग्रजांमार्फत अमेरिकेत पोचले, स्पाल्डिंग ही बेसबॉलवाली कंपनीसुद्धा ते विकायची. खांदा सगळ्या बाजूंनी फिरवायचं काम आपल्याकडे आधीपासून होतं, आपणच ते कोपऱ्यात टाकून दिलं.

मेजर लीग, म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी बेसबॉल लीग, तिचा सीझन एका टीमला 162 मॅचचा असतो, त्यामुळे मध्येच अंग कमवायला वेळ नाही, मेहनत सगळी थंडीत. सीझनमध्ये स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा, साधारण दर पाचव्या दिवशी टाकतो, आणि पायांचा जड व्यायाम बरेच जण टाकल्याच्या दुसऱ्या दिवशीच उरकतात, म्हणजे पुढच्या मॅचपर्यंत पाय ताजे.

आता वेटेड बॉल, म्हणजे जड बॉल फेकून स्पीड वाढवणं. रील बघून चौदा वर्षांच्या पोराला हे देऊ नका, प्लीज. मेजर लीगच्याच पिच स्मार्ट नियमांत 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 बॉल आहेत, 13 ते 16 ला 95, आणि त्यावर सुट्टीचे दिवस वेगळे. आपल्याकडे मॅच, मग नेट, मग संध्याकाळी सोसायटीत टेनिस बॉल, मोजतं कोण? एक वही घ्या, पालकांनीच मोजा.

आणि बँड आणाल तर रेलिंगला बांधा, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर वळवा, दोन्ही हातांनी करा, आणि परत येताना झटका नको, एकदम हळू, कारण ब्रेकचं काम तिथंच होतं.