पंपाचा हिशेब : दमा, पावसाळा आणि आपले डॉक्टर

श्रोतेहो, गोव्यात मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा वास सर्वांनाच सुखावतो. दमेकऱ्याच्या घरात मात्र त्याच दिवसांत भिंतीला उशी टेकवून बसून काढायच्या रात्री सुरू होतात. पुढचे चार महिने भिंतींत ओल मुरत राहते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि गादीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे दमट हवेत फोफावतात. व्याख्यान मे महिन्यात ठेवल्याबद्दल मी आयोजकांचा आभारी आहे, कारण दम्याची तयारी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना आणि कौले परतताना करायची असते. पाऊस लागल्यावर ती धावपळ होते.

दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडत असतात. आतल्या अस्तराला दीर्घकाळची सूज असते आणि तिच्यामुळे चिडखोर बनलेले भोवतीचे स्नायू निमित्त मिळताच आवळतात. सॅल्ब्युटामॉलचा पंप, जो आपल्याकडे बहुधा निळा असतो, हे स्नायू पाचेक मिनिटांत सैल करतो आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेला तो हातही लावत नाही. गळक्या कौलाखाली बादली ठेवावी तसे हे आहे. बादली लागतेच, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बादल्या वाढत चालल्या तर कौल परतायला हवे, एवढे घरातल्या पोरालाही कळते. ते काम श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड करते, आणि तेही डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, बरे वाटत असतानाही नियमाने घेतले तरच.

म्हणून माझी पहिली विनंती बादल्या मोजण्याची आहे. सॅल्ब्युटामॉलच्या पंपात साधारणपणे २०० फवारे असतात. वर्षाला असे ३ किंवा अधिक पंप संपत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. १२ किंवा अधिक संपत असतील तर मृत्यूचाही. घरातले कोणी बाजाराला निघाले की ‘येताना माझा पंप आण’ असे सांगून पंप येतो, आणि वर्षात किती आले हा आकडा डॉक्टरांपर्यंत कधी पोहोचतच नाही. ‘जिना’ (GINA) या दम्यावरील जागतिक उपक्रमाने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नये अशी शिफारस केली आहे. स्नायू सैल करणारे फॉर्मोटेरॉल आणि सुजेवरचे स्टेरॉइड एकत्र असलेला एकच पंप काही रुग्णांना दोन्ही कामांसाठी देता येतो. तो आपल्याला लागू आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

तपासणीच्या खोलीत ‘कसे आहात?’ असे विचारले की आपला माणूस ‘बरें आसा’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी गेल्या चार आठवड्यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात : आठवड्यातून दोनपेक्षा अधिक दिवस धाप किंवा घरघर झाली का, दम्याने एखाद्या रात्री जाग आली का, आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक दिवस लागला का, आणि जिना चढणे, पाणी भरणे यांसारखे एखादे काम टाळावे लागले का. इतर औषधेही सांगावीत. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलोलसारख्या थेंबांनी दमा उसळू शकतो, आणि काहींना अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत. पण डोळ्यांचे औषध छातीच्या डॉक्टरांना सांगायचे असते हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा आता राग येत नाही. सौम्य दम्यात पंपातून दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड हे स्टेरॉइड पुष्कळदा पुरते. झटका आल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने किमान शंभरपट द्याव्या लागतात. दोन्ही औषधे एक नव्हेत, पण मात्रेचा अंदाज यावा. पंपाला घाबरून तो सोडणारा माणूस शेवटी त्याच गोळ्यांपाशी पोहोचतो. पंपाने आवाज बसणे, तोंडात पांढरी बुरशी येणे असे त्रास होऊ शकतात. त्यावर उपाय चूळ भरून थुंकणे. मृगाला हैदराबादला जिवंत माशातून मिळणाऱ्या औषधाविषयीही मला दरवर्षी विचारतात. जायचे त्याने जावे, पण पंप खिशात ठेवून.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. औषध योग्य असते, घेण्याची रीत चुकते. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश आणि खोल ओढायचा असतो आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. कोरड्या पावडरीचे उपकरण मात्र जोराने ओढावे लागते. एकाची रीत दुसऱ्याला लावली की औषध जिभेवर आणि घशातच राहते. पावडरीच्या कॅप्सूल आपल्या दमट हवेत उघड्या ठेवू नयेत, घेण्याच्या क्षणीच वेष्टनातून काढाव्यात. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा आधी साठवून धरणारी पोकळ नळी, लावला तर बहुतेक रुग्णांना झटक्यातही नेब्युलायझरइतकाच, म्हणजे औषधाचे धुके करून देणाऱ्या यंत्राइतकाच, गुण येतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पुसता वाळू द्यावा.

चवथीआधीची झाडलोट आणि रंगकाम, देवघरातला धूप, नरकासुराच्या रात्रीचे फटाके, काजूच्या हंगामात भट्टीचा धूर, खाणपट्ट्यातली तांबडी धूळ : यांतले आपल्याला काय बाधते हे प्रत्येकाचे वेगळे असते. घरचा सण सोडायला कोणी सांगत नाही. झाडलोट दुसऱ्या कोणी करावी आणि त्या दिवसांत औषध चुकवू नये, इतके जमते.

डॉक्टरांकडून एक कागद मात्र लिहून घ्याच. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर, फुंकलेला आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर काय करायचे, ५० ते ८० मध्ये आला तर औषध किती वाढवायचे, आणि ५० च्या खाली गेला तर काय, हे त्यावर असावे. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मीटर शोधत बसू नये. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून फवारे घेत १०८ ला फोन करावा. हा कागद फ्रिजवर लावावा, कारण रात्री दोन वाजता तो वाचणारा माणूस बहुधा रुग्ण नसतो.

मी बरोबर एक रिकामा पंप, एक स्पेसर आणि एक मीटर आणले आहे. ज्यांच्या पिशवीत स्वतःचा पंप असेल त्यांनी तो काढून पुढे यावे. आधी तुम्ही तो कसा घेता ते मला पाहायचे आहे.