अठरा महिने

श्रोतेहो, नमस्कार.

लाल समुद्राच्या काठी एरिट्रिया नावाचा एक छोटा देश आहे. वस्ती साधारण ३५ लाख. त्याचं नाव आपल्या कानांवर क्वचितच पडतं, पण तिथलं एक गाव इथल्या काही फौजी घरांत अजून ठाऊक असेल. केरेन. १९४१ साली इटालियन सैन्याकडून तिथले डोंगर जिंकताना आपल्या मराठा पलटणीचे जवान लढले. ‘केरेन’ हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांपैकी एक आहे, आणि त्या लढाईत गेलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आजही त्या गावात उभं आहे.

इटालियन गेले, ब्रिटिश आले. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एरिट्रियाची इथिओपियाशी मोट बांधली आणि दहा वर्षांत सम्राट हैले सेलासींनी तो मुलूख सरळ आपल्या राज्यात घातला. तोवर सशस्त्र लढा सुरू झाला होता. तो तीस वर्षं चालला. नक्फा या डोंगरी गावाभोवती बंडखोरांनी वर्षानुवर्षं खंदकांत मुक्काम केला. जखमींवर उपचार जमिनीखालच्या दवाखान्यांत व्हायचे. लढणाऱ्यांत जवळजवळ एक तृतीयांश बायका होत्या. पुढे देशाच्या चलनालाही नक्फाचंच नाव मिळालं. १९९३ च्या सार्वमतात ९९.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. एवढं सोसून मिळवलेलं हे स्वातंत्र्य, म्हणून पुढचं सांगताना जीव तुटतो.

त्या लढ्याचे सेनानी इसायास अफवेर्की राष्ट्राध्यक्ष झाले. आजही तेच आहेत. देशात एकदाही राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. १९९७ मध्ये संमत झालेली राज्यघटना कधी अमलातच आली नाही.

१९९५ च्या कायद्याने तरुण मुलामुलींना राष्ट्रीय सेवा सक्तीची केली. सहा महिने प्रशिक्षण आणि बारा महिने सेवा, मिळून अठरा महिने. नव्या देशाने आपल्या तरुणांकडे इतकं मागणं अन्यायाचं म्हणता येणार नाही. पण १९९८ मध्ये बादमे या सीमेवरच्या लहानशा गावावरून इथिओपियाशी युद्ध पेटलं. दोन वर्षांत दोन्हीकडची हजारो पोरं गेली. २००० साली अल्जिअर्सला तह झाला. २००२ मध्ये त्या तहानुसार नेमलेल्या सीमा आयोगाने बादमे एरिट्रियाला दिलं, पण इथिओपियाने ते सोडलं नाही. ‘शत्रू दारात आहे’ हे कारण सरकारच्या हाती आलं आणि अठरा महिन्यांची सेवा बेमुदत झाली. माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर राबली. कुणी सैन्यात, कुणी शेतात, कुणी सरकारी कचेरीत.

शाळेतलं बारावीचं वर्षसुद्धा सावाच्या लष्करी छावणीत काढावं लागतं. सेवा चुकवणाऱ्यांना पकडायला रस्त्यांवर धरपकड होते. तिला तिथले लोक ‘गिफा’ म्हणतात.

याबद्दल बोलायचं कुणी? सप्टेंबर २००१ मध्ये राज्यघटना आणि निवडणुका मागणाऱ्या अकरा नेत्यांना अटक झाली. तेही याच लढ्यातले राष्ट्राध्यक्षांचे जुने सोबती होते. त्याच आठवड्यात सगळी खासगी वृत्तपत्रं बंद झाली आणि संपादकांची धरपकड झाली. दावित इसाक हा पत्रकार तेव्हापासून कोठडीत आहे. खटला नाही, घरच्यांची भेट नाही.

मग लोक पळू लागले. सुदानमार्गे, लिबियामार्गे, समुद्रावरून. २००९ मध्ये केनियात खेळायला गेलेले राष्ट्रीय फुटबॉल संघाचे खेळाडू परतलेच नाहीत. ३ ऑक्टोबर २०१३ ला इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ बोट बुडून ३६० हून अधिक जीव गेले. त्यांतले बहुतेक एरिट्रियन होते.

आणि २०१८ च्या जुलैत चमत्कार झाला. इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद एरिट्रियाच्या राजधानीत, अस्माराला आले आणि दोन्ही देशांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं. वीस वर्षांनी फोन लागले. लोक अनोळखी नंबर फिरवून पलीकडच्या माणसाशी बोलत होते. सप्टेंबरमध्ये सीमा उघडली आणि ताटातूट झालेली कुटुंबं एकमेकांच्या गळ्यात पडली. शत्रू दारातून गेला होता. मग सेवा अठरा महिन्यांवर यायला हवी होती ना? ती आली नाही. काही महिन्यांतच सीमेवरची नाकीही एकेक करून पुन्हा बंद झाली.

नोव्हेंबर २०२० मध्ये आबींचं सरकार आणि इथिओपियाच्याच तिग्राई प्रांतातले सत्ताधारी यांच्यात युद्ध भडकलं, तेव्हा एरिट्रियाचं सैन्य आबींच्या बाजूने आत शिरलं. अक्सुम शहरात एरिट्रियन सैनिकांनी शेकडो नि:शस्त्र माणसं मारली. शस्त्र हातात असलेल्यांतले किती जण स्वतःच सक्तीने भरती झालेले होते, हा विचार मला सोडत नाही. त्याने मेलेल्यांचं दु:ख तसूभरही हलकं होत नाही. हे युद्ध थांबवायला २०२२ मध्ये प्रिटोरियाला झालेल्या करारात एरिट्रिया सामीलच नव्हता.

आता दोन्ही राजधान्यांत पुन्हा बिनसलं आहे. एरिट्रिया स्वतंत्र झाला तेव्हा इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. २०२३ पासून आबी उघडपणे लाल समुद्रावर हक्क सांगू लागले आहेत आणि सगळ्यांची नजर एरिट्रियाच्या असाब बंदराकडे आहे.

राष्ट्रीय सेवेची पहिली तुकडी १९९५ च्या कायद्याच्याही आधी, १९९४ मध्ये सावाला गेली होती. तेव्हाची अठरा वर्षांची पोरं आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांची मुलं सावाच्या वयाची झाली आहेत.

नमस्कार.