उद्याचा मान्ना

श्रोतेहो, नमस्कार.

महिन्याची वीस तारीख उलटली की ठाण्यातल्या कितीतरी घरांत मध्यरात्रीनंतरही एक दिवा जळत राहतो. समोर गृहकर्जाच्या हप्त्याचा मेसेज, सोसायटीच्या मेंटेनन्सचे बिल, मुलाच्या क्लासची फी. आणि घरातले कोणीतरी मोबाइलवर तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत असते, जणू आणखी एकदा केल्याने उत्तर बदलणार आहे. अशा माणसाला ‘चिंता करू नकोस’ असे सांगितले तर धीर येण्याऐवजी ते त्याला टोचण्याचीच शक्यता अधिक. म्हणून बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू हेच वाक्य उच्चारतो, तेव्हा तो ते कोणाला सांगत होता हे आधी पाहिले पाहिजे.

त्याचे ऐकणाऱ्यांत कोळी होते, शेतकरी होते, रोजंदारीवर पोट असलेली माणसे होती. त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातल्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला आला असताना चौकात जातो, तर तिथे काही मजूर अजून उभेच असतात, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेले नसते. ठाण्यात किंवा ऐरोलीत सकाळी थापी-घमेले घेऊन नाक्यावर उभे राहणाऱ्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. उद्याची खात्री नसलेल्या अशा लोकांना येशूने प्रार्थना शिकवली, ती भाकरीची; आणि तीही आजच्या.

एका दिवसाचे हे माप त्याने नव्याने काढलेले नव्हते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोक अरण्यात असताना त्यांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळे आणि ज्याला जेवढा लागेल तेवढाच त्याने गोळा करायचा असे. ज्यांनी उद्यासाठी म्हणून उरवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. मात्र शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि त्या रात्री तो नासला नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. तरतूद करणे म्हणजे अविश्वास नव्हे. विमा उतरवावा, हप्त्याचे पैसे बाजूला काढावेत. उद्याचे जे काम आज हाताने करता येते ते करावे. जे येत नाही, ते रात्रभर मनात घोळवल्याने पुढे सरकत नाही.

आपल्या मंडळ्यांत चिंताग्रस्त माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे ऐकवण्याची एक खोड आहे, ती मला मुळीच मान्य नाही. अटक होण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः अत्यंत व्याकूळ झाला होता आणि आपल्याबरोबर जागे राहा अशी त्याने शिष्यांना विनवणी केली होती. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बंदिवासात होता, आणि त्याच पत्रात आपला सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते, असेही तो मोकळेपणाने सांगतो. काळजी मनात येणारच. ती आभारांसह देवापुढे मांडा, एवढेच तो सुचवतो.

हे मांडणे मोघम नसावे. ‘देवा, सगळे नीट कर’ म्हणण्यापेक्षा रक्कम, तारीख, आईच्या तपासणीचा अहवाल यांची नावे घेऊन प्रार्थना करावी, आज जे निभावले त्याबद्दल आभार मानावेत आणि सकाळी करायचे एक काम, मग तो बँकेला करायचा फोन का असेना, कागदावर लिहून झोपावे. चर्चमधल्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला ते सांगितले तर अधिकच बरे, कारण एकमेकांची ओझी वाहा, ही आज्ञा गलतीकरांस पत्रात स्पष्ट आहे.

आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, कामावर जाणे नकोसे झाले असेल, तर डॉक्टरांकडे जावे किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. त्यात प्रार्थनेचा पराभव मानू नये. कलस्सैकरांस पत्रात पौल आपल्या सोबत्यांचे नमस्कार कळवतो, त्यात लूकचा उल्लेख आहे, आणि तो ‘प्रिय वैद्य’ असा आहे.