दोरीवरचा हात

श्रोतेहो, नमस्कार. देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की मांडणीतली भांडी कशी वाजतात, हे नाशिककरांना सांगायला नको. त्या आवाजाची सवय होते. मिरवणुकीतल्या डीजेची मला आजवर झालेली नाही, पण ते असो.

आजचा विषय धर्मयुद्ध. त्यात प्रश्न दोन. लढाईला उतरावं का, आणि उतरल्यावर लढावं कसं? दोन्ही वेगळे आहेत. पुन्हा सांगते, वेगळे आहेत. आपली बाजू खरी, म्हणून हात मोकळे सुटत नाहीत. कुरुक्षेत्रावर आधीच ठरलं होतं, शस्त्र टाकलेल्यावर वार नाही, रणवाद्यं वाजवणाऱ्यावर नाही. पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच. जखमी, कैदी, नागरिक यांच्यासाठी 1949 चे जिनिव्हा करार आहेत. 1960 मध्ये आपल्या संसदेनं त्यांचा कायदाही केला.

पण मला सांगायचंय ते आमच्या शेजारच्या नानांचं. तोफखान्यातले निवृत्त हवालदार. 71 ची लढाई, पश्चिम आघाडी. तोफेवरच्याला निशाण दिसत नसतं, बरं का. पुढे टेकाडावर साहेब दुर्बीण लावून बसतात आणि वायरलेसवर सांगतात, दोनशे वाढवा, पन्नास डावीकडे. निशाण होतं शत्रूचे दारूगोळ्याचे ट्रक. दोन गोळे अलीकडे पडले. तिसरा भरला, नानांचा हात तोफ डागायच्या दोरीवर, आणि वायरलेसवर आवाज आला, "थांबा!" झोपड्यांतून बाया-पोरं निघून ट्रकांच्या बाजूनंच पळत सुटली होती.

वीस मिनिटं तोफ गप्प. तेवढ्यात ट्रक निघून गेले.

"तो माल पुढं आमच्याच पोरांवर पडला असणार," नाना म्हणाले.

"मग साहेबांचं चुकलं का, नाना?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "बाया मला दिसल्याच नाहीत गं. साहेबांना दिसल्या. दोरी माझ्या हातात होती."

मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांची हानी जास्त होणार असेल तर हल्ला करू नये, असं जिनिव्हा करारांना पुढे 1977 मध्ये जोडलेला करार म्हणतो. वाचायला सोपं आहे. टेकाडावर त्याचा हिशेब करायला साहेबांना किती वेळ होता? आता ड्रोन आले. बघणारा आणि दोरी ओढणारा हजारो किलोमीटर लांब, एकाच खोलीत शेजारी-शेजारी बसतात, पडद्यावर बाया दोघांनाही दिसतात. तरी गोळे पडतातच.

निघताना नानांना विचारलं, त्या वीस मिनिटांबद्दल साहेबांना पुढे कुणी काही बोललं का?

"बोलले की. वरून विचारणा झाली, ट्रक का सोडले म्हणून," नाना म्हणाले. "बायांचं कुणी विचारलं नाही."

नमस्कार.