टुल्लूपुराण, आणि उरलेल्या वेळात तोतलाडोह

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'नागपूरचा पाणीपुरवठा : तोतलाडोह ते नळ'. तोतलाडोह म्हणजे पेंच नदीवरचं आपलं धरण. वेळ ५० मिनिटं. त्यातली पहिली १० माझा परिचय करून देण्यात गेली, आणि त्या परिचयातल्या काही गोष्टी मलाही नवीन होत्या. काही जण केवळ कूलरसमोर बसायला मिळतं म्हणून आले असतील. मे महिन्यात नागपुरात हे कारण पुरेसं आहे, त्यांचंही स्वागत. फक्त डावीकडचा कूलर कोरडा फिरून राहिलाय, त्यात कोणीतरी बादलीभर पाणी टाका. पाण्यावरच्या व्याख्यानात तेवढं तरी व्हायला पाहिजे.

मी जन्मभर पॉलिटेक्निकच्या मुलांना हायड्रॉलिक्स शिकवलं. मुलं झोपायची, मी शिकवायचो. तुम्ही जागे आहात तोवर माझं म्हणणं सांगून टाकतो. नागपूरला पाणी कमी नाही, दाब कमी आहे. पेपरमध्ये येणारा कमी दाबाचा पट्टा बंगालच्या उपसागरात असतो. आमचा गल्लीत आहे, आणि बारमाही आहे.

हिशेब करून बघा. शहराला रोज ६५० एमएलडीच्या आसपास पाणी सोडलं जातं. एक एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर. सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा. २०११ च्या जनगणनेत आपण २४ लाख होतो, आता ३० लाख धरा. गुणाकार येतो ४०५. दवाखाने, हॉटेलं, कारखाने आणि उन्हाळ्यातले कूलर धरले, तरी प्रत्येक घरी पाणी पोचायला हवं. कागदावर ते पोचतंही. मग शेवटच्या घरातली बाई पहाटे साडेचारला उठून नळाजवळ का बसते?

आता गावाचा थोडा अभिमान, कारण ही गोष्ट नागपुरात कोणी सांगत नाही. अंबाझरी तलाव भोसल्यांच्या काळातला. १८७० च्या आगेमागे इंग्रजांनी त्याचं धरण वाढवलं आणि नळानं शहराला पाणी दिलं. ते काम करणारा इंजिनिअर अलेक्झांडर बिनी. या माणसानं पाणी तर दिलंच, पण १८६९ ते १८७२ या काळात इथल्या एका छोट्या पाणलोटात किती पाऊस पडतो आणि त्यातला किती वाहून तलावात येतो, हे मोजत बसला. त्याचं कोष्टक 'बिनीची टक्केवारी' म्हणून आजही सिव्हिलच्या पुस्तकात आहे. पुढे तो लंडनला गेला, तिथला मुख्य इंजिनिअर झाला, थेम्सखालून ब्लॅकवॉलचा बोगदा काढला. मी दरवर्षी मुलांना विचारायचो, हे मोजमाप कुठलं? उत्तर यायचं, 'सर, इंग्लंडचं असेल.' अरे बाबांनो, तुमच्या सायकली उभ्या आहेत तिथून चार-पाच मैलांवरचं असेल! कोष्टकाकडे मी शेवटी येतो, वेळ उरला तर.

तर दाब. १० मीटर उंच पाणी उभं केलं की तळाशी दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोचा दाब मिळतो. म्हणून टाकी उंचावर बांधायची. आपल्याकडे निसर्गानंच सोय केली आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, आणि शहर पूर्वेकडे उतरत जातं. नाग नदी त्याच उतारानं वाहते. पेंचचं पाणी गोरेवाड्याला शुद्ध करायचं, टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि मग सोडून द्यायचं. पूर्वेकडच्या बऱ्याच भागाला कन्हान नदीचं पाणी. निकष सांगतो, एकमजली घराच्या नळाशी ७ मीटर दाब हवा, दुमजलीला १२, तिमजलीला १७. तुमच्या नळाला किती आहे, कोणाला माहीत आहे? हात वर करा. एकही नाही. बीपी किती ते सगळ्यांना पाठ आहे.

मोजायला यंत्र नको म्हणा, खड्डे बघा. जुन्या वस्त्यांमध्ये अंगणात नळाचा खड्डा असतो. वर पाणी चढत नाही म्हणून लोकांनी नळ जमिनीखाली नेला. कुठे हातभर, कुठे कमरेइतका, पायऱ्या करून उतरायचा. जितका दाब कमी तितका खड्डा खोल. एखाद्यानं शहरभर फिरून खड्ड्यांची खोली नोंदवली, तर दाबाचा बिनचूक नकाशा तयार होईल. पीएचडीचा विषय फुकट देतोय, घ्या कोणीतरी.

आणि ज्याला खड्डा नको, त्याच्यासाठी टुल्लू आहे, म्हणजे नळाला लावून पाणी ओढायचा छोटा विजेचा पंप. टुल्लूवर मी जरा सविस्तर बोलणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

आमची गल्ली पूर्व नागपुरातली. मोठ्या रस्त्यावरून चार इंची लाइन आत शिरते, प्रत्येक घराला अर्ध्या इंचाची जोडणी. पहिल्या घरचे काकाजी सुखी, पाणी इतकं की रोज पाइपनं रस्ता धुवायचे. शेवटच्या घरी एक आजी आणि नळाचा खड्डा. मधे आम्ही सगळे. सगळं बरं चाललं होतं असं नाही, पण चाललं होतं. मग तिसऱ्या घरावर माळा चढला, माळ्यावर टाकी बसली आणि टाकीत पाणी चढेना. त्यांनी अर्ध्या हॉर्सपॉवरचा टुल्लू आणून थेट नळाला लावला. टाकी २० मिनिटांत भरली. पाचव्या घरचं पाणी गेलं. पाचव्यानं टुल्लू आणला. मग सातव्यानं, पण तो हुशार, त्यानं एक हॉर्सपॉवरचा आणला. वर्षाच्या आत गल्लीत अशी स्थिती झाली, की पहाटे नळ आले हे पाण्याच्या आवाजावरून कळायचंच नाही, मोटारींच्या घुंईवरून कळायचं.

पंप पाणी तयार करत नाही हो. शेजाऱ्याचं ओढतो. एका नारळात आठ नळ्या घातल्या म्हणून नारळातलं पाणी वाढतं का? हे मी गल्लीत फळ्याशिवाय, आकृतीशिवाय, हात जोडून सांगत होतो. सगळे म्हणायचे, 'बरोबर आहे सर, पण आधी त्याला काढाले सांगा.'

शेवटी मारुतीच्या देवळात बैठक झाली. अध्यक्षस्थानी तिसऱ्या घरचे गृहस्थ, म्हणजे आद्य टुल्लूधारक. त्यांचं भाषण उत्कृष्ट झालं, माझ्यापेक्षा चांगलं. शेजारधर्म, एकोपा, आजीबाईंचे हाल. सगळ्यांनी मारुतीसमोर कबूल केलं, उद्यापासून कोणाचाही पंप नळाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडून उभा राहिलो. पाच मिनिटं शांतता. मग तिसऱ्या घरातून घुंई. मी हाक मारली, तर आतून आवाज, 'सर, मिक्सर आहे, चटणी करून राहिलो!' पहाटे साडेपाचला. त्यानंतर गल्लीभर चटण्या सुरू झाल्या.

मग कोणीतरी सुचवलं, नळाच्या वेळात लाइटच बंद ठेवायला सांगा. तासभर खरोखर दिवे जायला लागले असते तर काय झालं असतं हे कळायच्या आत दोघांनी मोठे इन्व्हर्टर घेतले. उन्हाळ्यात पंपजप्तीचं पथक यायचं, ते यायच्या आधी सायकलवरचं पोरगं ओरडत यायचं, 'पथक येऊन राहिलं!' आणि टुल्लू कूलरच्या टबात जाऊन बसायचे. पथकातला माणूस कूलरसमोर उभा राहून घाम पुसायचा, आणि खाली टबात पंप. आजी हे सगळं ओट्यावरून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, 'मास्तर, तुमीबी एक घेऊन टाका, उगीच कशाले भांडता?'

मी घेतला नाही. माझी बायको त्याबद्दल अजून बोलते.

यात विनोद इथवरच आहे. पुढच्या पावसाळ्यात पाण्याला वास यायला लागला आणि गल्लीतल्या दोन मुलांना कावीळ झाली. कारण साधं आहे, मी तीस पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना तेच शिकवलं. पाइप दाबानं भरलेला असेल तर त्याच्या भेगेतून पाणी बाहेर जातं. वाया जातं, पण बाहेर जातं. आठ पंप एकदम ओढायला लागले की पाइपमधला दाब हवेच्याही खाली जातो, आणि तीच भेग आजूबाजूचं आत ओढते. आमची लाइन एका ठिकाणी गडरच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरमधून गेलेली होती. नळ बंद झाल्यावर रिकाम्या पाइपमध्येही हेच होतं. म्हणजे दिवसातून एक तास पाणी आणि तेवीस तास रिकामा पाइप ही सगळ्यात घाणेरडी पद्धत आहे, धरण कितीही स्वच्छ असो. वर नळ येताना आधी हवा येते, ती मीटर फिरवते, आणि आपण त्या हवेचंही बिल भरतो. 'चोवीस तास पाणी' हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं श्रीमंती चोचले. खरं तर ती आरोग्याची गोष्ट आहे. पाइप कधीच रिकामा ठेवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चिठ्ठी आली. 'सर, ८ मिनिटे.' तोतलाडोह अजून सुरूच झालेला नाही. भराभर सांगतो.

चोवीस तासांचा प्रयोग आधी धरमपेठेत झाला. मग मार्च २०१२ पासून सगळ्या शहराचं वितरण २५ वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे गेलं. घरोघरी जुने गंजलेले लोखंडी पाइप काढून निळे प्लास्टिकचे टाकले, मीटर बसले. खासगी चांगलं की महापालिका चांगली यावर या शहरात इतकी भाषणं झाली आहेत की मी भर घालत नाही. दोन्ही पक्ष मला सारखेच वाटतात, कारण लाइनच्या शेवटच्या घरी दाब किती, हे दोघंही सांगत नाहीत. काही वस्त्यांत खरंच चोवीस तास पाणी आहे. बऱ्याच ठिकाणी नाही. आणि जिथे आहे तिथेही कोणी छतावरची टाकी काढलेली मी पाहिली नाही. लोकांचा विश्वास दाबापेक्षा हळू चढतो.

आता धरण. पेंच नदीवर तोतलाडोह, त्याच्या खाली नवेगाव खैरी, तिथून उजव्या कालव्यानं पाणी गोरेवाड्याला. उघडा कालवा, लांबच लांब, नागपूरचं ऊन. झिरपणं, वाफ होणं, वाटेत उचलणं, सगळं त्यात आलं. म्हणून पुढे नवेगाव खैरीपासून महादुल्यापर्यंत मोठी बंद लाइन टाकली. हे काम चांगलं झालं, टाळ्या वाजवायला हरकत नाही. नको, वेळ जाईल.

२०१९ चा जुलै सगळ्यांना आठवतो. एक दिवसाआड पाणी. तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला आणि मृत साठ्यातून, म्हणजे एरवी बाहेर न येणाऱ्या तळाच्या पाण्यातून, उचलायची वेळ आली. लोक म्हणाले, मध्य प्रदेशानं वर चौराईला धरण बांधलं म्हणून. ते कारण खरंच आहे, पेंचचं पाणी वर अडलं. पण बिनीचं कोष्टक बघा, येतो म्हटलं होतं. वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस झाला तर ३८ टक्के वाहून येतो, म्हणजे ३८०. पाऊस निम्मा झाला, ५००, तर टक्का ३८ चा १५ होतो. म्हणजे ७५. पाऊस निम्मा, पाणी एकपंचमांश. कोरडी जमीन आधी स्वतः पिते. दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात मोजलेला आकडा, आणि पाऊस थोडा कमी झाला की आपण दरवेळी तितकेच चकित होतो. त्या सप्टेंबरात धरणं भरली आणि विषय संपला. आणि २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे तेच अंबाझरी ओसंडून लोकांच्या पलंगावर पाणी आलं. त्यावर स्वतंत्र व्याख्यान लागेल. मला बोलवा, मी येतो.

सांडपाणी. भांडेवाडीला शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. या शहरानं केलेल्या कामांत मला हे सगळ्यात हुशारीचं वाटतं, कारण नाहीतर ती वीज पेंचच्या पाण्यावर तयार झाली असती. उरलेली घाण नाग नदीतून कन्हानला आणि पुढे गोसीखुर्द धरणाला. तिथल्या लोकांनी आपलं काय बिघडवलं होतं, हा प्रश्न सोडून देतो, कारण दुसरी चिठ्ठी आली आहे.

माझी मागणी एकच आहे. महापालिकेचे १० झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये लाइनच्या शेवटच्या टोकाला दाबमापक लावा आणि रोजचा आकडा झोन ऑफिसच्या फळ्यावर लिहा. एमएलडी सांगू नका, ते टेकडीवर मोजलेलं असतं. तोवर तुम्ही एक करा. प्लंबिंगच्या दुकानात काही शे रुपयांत प्रेशर गेज मिळतं, ते नळाला लावा. सुई ०.७ किलोच्या, म्हणजे ७ मीटरच्या, खाली असेल तर तुमचं एकमजली घरही निकषात बसत नाही. आणि तक्रार लिहिताना 'पाणी येत नाही' असं लिहू नका, त्याला 'येईल' असं उत्तर मिळतं. तारीख, वेळ आणि गेजचा आकडा लिहा, गल्लीतल्या पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही घरांचा. पंप चालू असताना घेतलेला आकडा चालणार नाही, त्यामुळे आधी चटण्या बंद कराव्या लागतील. गेज कुठलं घ्यायचं, कसं लावायचं ते मी चहाच्या वेळी दाखवतो, पिशवीत आणलं आहे. अध्यक्ष उभे राहिले. थांबतो.