मेजाभोवती कोण बसणार?

अध्यक्षांनी दहाच मिनिटे दिली आहेत, आणि वसईच्या माणसाच्या हाती माईक गेला की नाताळचे जेवण थंड होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

नुकतीच माझी नात आपल्याच मंडळातल्या, पण बाप्तिस्मा न झालेल्या एका मैत्रिणीला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, घेऊन आली. कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर घेण्याच्या, रांगेत त्या मुलीने छातीवर हात आडवे धरले, फादरांनी मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ती बाकावर परतली. गाडीत बसताच नातीने विचारले, "आजोबा, येशू त्या जकातदार जक्कयच्या घरी उतरला तेव्हा त्याने आधी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता का?"

मी धर्मशिक्षकाच्या थाटात सांगितले की बाप्तिस्मा न घेतलेल्याने या भोजनात भाग घेऊ नये, असे 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथातच म्हटले आहे, आणि इ. स. 155च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिनही तेच सांगतो. इतकेच नव्हे, तर गैरहजर असलेल्यांकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, ती भाकर पोहोचवत असत. "म्हणजे न आलेल्यांना घरपोच आणि आलेलीला नुसता आशीर्वाद?" नात म्हणाली. मुलगा हसला, सूनबाईंना ते रुचले नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत कोणी बोलले नाही.

हा नियम उर्मटपणातून आलेला नाही, असे मी आजही मानतो. ही भाकर म्हणजे पाहुणचार नव्हे. ती खाणारे एकाच शरीराचे अवयव होतात, अशी चर्चची श्रद्धा आहे. परंतु करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा हे प्रभुभोजनच नव्हे, असे प्रेषित पौलाने बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच सुनावले होते. तो आज या सभागृहात आला असता तर वसईकर खिडकीकडे आणि नगरकर दाराकडे बसलेले पाहून काय म्हणाला असता? आणि मुलामुलींची लग्ने जुळवताना "आपल्यातलेच हवे" असे आपण हळूच म्हणतो, त्या 'आपल्यात' नेमके कोण येते? माझ्या घरातही हे वाक्य उच्चारले गेले आहे, तेव्हा माझ्याकडे असे पाहू नका.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारताना बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बोलावले. 1919मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. तो टिकता तर नातीला द्यायला माझ्याजवळ एखादे उत्तर असते, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आपल्या नातवंडांचे जिवलग बहुतेक चर्चबाहेरचे आहेत, आणि उद्या त्यांचे जोडीदारही तसेच असतील. प्रभुभोजनाचे मेज सर्वांसाठी खुले केले तर 'एक शरीर' या शब्दांत काय उरते, ते मला दिसत नाही. खुले केले नाही तर ही मुले मेजापाशी येतील की सोबत्यांसह बाकावरच बसून राहतील, हेही कळत नाही. पुढील वर्षी प्रथम कम्युनियनचा वर्ग फादरांनी मला घ्यायला सांगितला आहे, आणि मी अजून होकार कळवलेला नाही.