जुन्या बुलेटला रुंद टायर बसवायचा आहे? आधी रिम मोजा

नमस्कार. जुन्या बुलेटला मागे रुंद टायर बसवता येतो का, हा प्रश्न माझ्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली येतो. कार्ब्युरेटर साफ करण्याच्या व्हिडिओखालीही तो आला होता. म्हणून आज फक्त तेवढाच विषय घेतला आहे. मी बोलतो आहे ते ओतीव लोखंडी इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटबद्दल, जिला मागेपुढे ३.२५-१९ मापाचेच टायर असत.

मापे वाचणे सोपे आहे. ३.२५ ही टायरची इंचांमधील रुंदी आणि १९ हा रिमचा व्यास. ११०/९०-१८ म्हणजे रुंदी ११० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १८ इंचांची. हिशेब केला तर जुन्या टायरसह चाकाचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो आणि ११०/९०-१८ चा ६५५, म्हणजे रिम एक इंचाने लहान होऊनही बाहेरचा घेर जवळपास तोच राहतो. क्लासिक ३५० ला नंतर मागच्या चाकात हेच माप आले.

दुकानात मात्र सगळे टायरची रुंदी विचारतात. रिमची रुंदी कोणी विचारत नाही. बुलेटची जुनी रिम आतून १.८५ इंच, म्हणजे अवघी ४७ मिलिमीटर रुंद असते. ११० च्या टायरला साधारण २.५० इंचांची आणि अगदीच ओढाताण केली तर २.१५ इंचांची रिम लागते. नवी रिम १८ इंचांची मिळाली एवढ्यावर समाधान मानून तिची आतली रुंदी न मोजताच लोक ती घरी आणतात. अशा अरुंद रिमवर टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, भिंती फुगतात आणि माथा नारळासारखा गोल होतो.

एका प्रेक्षकाने मला सुनावले आहे, “दादा, टायर जाड म्हणजे पकड जास्त, एवढे साधे आहे.” एवढे साधे ते नाही. टायरचा रस्त्याला टेकणारा ठसा केवढा असेल हे मुख्यतः गाडीचे वजन आणि टायरमधली हवा ठरवते. टायर रुंद झाला की त्या ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्यातून माथा गोल झालेला असेल, तर सरळ रस्त्यावर मधला पट्टा तेवढा झिजतो आणि कडेची नक्षी नव्यासारखी कोरी राहते.

तरीही पटत नसेल, तर हा टायर पाहा. याच्या भिंतीवर ११० लिहिले आहे. मी स्वतः तो आधी १.८५ च्या रिमवर बसवला होता आणि जाडी मोजायचे व्हर्नियर लावल्यावर रुंदी भरली १०३ मिलिमीटर. पैसे ११० चे दिले आणि वापरला १०३ चा. म्हणून पुन्हा सांगतो, टायर घेण्यापूर्वी रिम आतून मोजा.

पुढे मी योग्य रिम घेतली, टायर आपल्या खऱ्या रुंदीला आला आणि त्याने चेन गाठली. बुलेटची चेन डाव्या बाजूला असते. गॅरेजमध्ये गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवले, तेव्हा ते मोकळे फिरत होते. त्यानंतर पत्नीला मागे बसवून करूळ घाट उतरलो. निम्म्या घाटात जळक्या रबराचा वास येऊ लागला आणि खाली थांबून पाहिले, तर टायरच्या डाव्या भिंतीवर बोटभर रुंदीचा काळा चकचकीत पट्टा उमटला होता आणि चेन कव्हरमध्ये रबराचा चुरा साठला होता. वजन पडले की चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, वर जातो, सैल चेन हलते आणि स्टँडवर दिसणारी फट रस्त्यावर उरत नाही. ही फट दोन्ही शॉकॲब्सॉर्बर काढून, चिमटा वर उचलून, चेन ताणायच्या खाचेच्या दोन्ही टोकांना चाकाचा धुरा ठेवून मोजावी. पाच मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल, तर मी तो टायर बसवत नाही.

यावर गॅरेजमध्ये सुचवलेला उपाय होता, एक जाड वॉशर घालून चाक उजवीकडे सरकवण्याचा. मागचे दातेरी चक्र ब्रेकच्या ड्रमलाच असल्यामुळे चाकाबरोबर तेही सरकते आणि चेन तिरकी चालते. शिवाय मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहत नाही. मागच्या टायरला लावून पुढपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणला की ते लगेच दिसते. मी शेवटी १००/९०-१८ वर आलो. गाडी किंचित खाली बसली, मेन स्टँड लावताना थोडा जास्त जोर लागतो, पण चेन मोकळी आहे.

पुढच्या चाकाबद्दल विचारणाऱ्यांनी १९ ची रिम बदलू नये. तिथे ९०/९०-१९ बसवला तर व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर राहतो. या गाडीचा स्पीडोमीटर मागच्या चाकावर चालतो, त्यामुळे पुढचा टायर बदलल्याने त्याच्या आकड्यात फरक पडत नाही.